बालदीतलं पिवळं पाणी

“ताई, मी सव्वीस वर्षं रंगद्रव्यांच्या कारखान्यात कामाला आहे. गेली आठ वर्षं आमच्या युनियनचा खजिनदार आहे. कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात जातं अशी वस्तीतल्या लोकांनी तक्रार केली आहे आणि पुढच्या महिन्यात त्यावर सुनावणी आहे. तक्रारीवर सही करणाऱ्यांत माझी मुलगी आहे. मॅनेजमेंटने आम्हाला बोलावून सांगितलं, की नवी यंत्रणा बसवायची सक्ती झाली तर प्लांट चालवणं परवडणार नाही, चारशे घरं उघड्यावर येतील. तेव्हा युनियनने सुनावणीला माणसं आणावीत. बस कंपनी देणार आहे, फलकही रंगवून तयार आहेत. परवा मुलगी म्हणाली, ‘बाबा, त्या बसमधून उतरताना तुम्ही मला दिसू नका.’ तेव्हापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही. आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. माझं बनियन भिजत घातलं की बालदीतलं पाणी पिवळं होतं, बायको माझे कपडे वेगळे धुते. पण चारशे माणसं माझ्या शब्दावर विसंबून आहेत. मी कोणाच्या बाजूने उभं राहू?”

दादा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा त्या बालदीपाशी थांबले. बाकी सगळं तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलंय, बालदीचं मात्र ओघात, जाता जाता. मला वाटतं, तुमचं निम्मं उत्तर त्या बालदीत आहे.

मुलीने ज्याविरुद्ध सही केली आणि तुमची बायको जे रोज पिळून काढते, ती एकच वस्तू आहे. ओढ्यापर्यंत जाईस्तोवर तिच्यात पाणी मिसळतं, ती पातळ होते. तुमच्या अंगावर ती घट्ट असते. चाळणीवरून उडणारी पूड, टाकीचं झाकण उघडल्यावर नाकात जाणारी वाफ, ड्रम रिकामा करताना मनगटावर उडालेला शिंतोडा, हे सगळं प्रदूषणच आहे. ते कुंपणाच्या आत असतं तोवर आपण त्याला ‘कामाचा भाग’ म्हणतो आणि कुंपणाबाहेर गेलं की ‘पर्यावरणाचा प्रश्न’ म्हणतो, एवढाच काय तो फरक.

१८९५ साली फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होत असल्याचं जगापुढे मांडलं. रंग बनवणाऱ्याच्या शरीराचं तो रंग काय करू शकतो, हे कळून सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. सगळी रंगद्रव्यं सारखी घातक नसतात आणि तुम्ही कच्च्या मालाची नावं लिहिलेली नाहीत, त्यामुळे मी तुमच्या मनात भीती घालत नाही. पण प्लांटमध्ये येणाऱ्या प्रत्येक रसायनाचं एमएसडीएस, म्हणजे त्याचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारं माहितीपत्रक, असतं. ते युनियनने लेखी मागा आणि ज्याला वाचता येतं अशा डॉक्टरला दाखवा. आणि एक गोष्ट सुनावणीची वाट न बघता उद्यापासून करा: कामाचे कपडे घरी नेऊ नका. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांत कधी पाऊलही न टाकलेल्या बायकांना नवऱ्याचे कपडे झटकून धुतल्यामुळे, कित्येक वर्षांनी, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झालेला आहे. हे वैद्यकीय नोंदींतलं आहे. आंघोळीची जागा, दुहेरी लॉकर आणि कपडे धुण्याची सोय कारखान्यातच हवी, ही मागणी तुमच्या पुढच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली नको, बरोबरीने हवी.

म्हणजे पर्यावरणाचा प्रश्न तुमच्या युनियनमध्ये बाहेरून कोणी आणून टाकलेला नाही. कामगार चळवळीत तो पहिल्यापासून आहे. लंडनच्या ब्रायंट अँड मे काडेपेटी कारखान्यातल्या सुमारे १,४०० बायका-मुली १८८८ मध्ये संपावर गेल्या. तिथे काड्यांना पांढरा फॉस्फरस लावत. त्याने जबडा सडत जायचा, आणि जेवायला वेगळी जागा नसल्यामुळे ते विष घासाबरोबर पोटात जायचं. संप मिटला तेव्हा दंडकपात बंद झाली आणि जेवायला वेगळी खोली मिळाली. एक खोली! त्या विषाविरुद्धची लढाई त्या खोलीवर थांबली नाही. १९०६ मध्ये बर्न इथे देशादेशांत करार होऊन काड्यांसाठी पांढरा फॉस्फरस वापरण्यावर बंदी आली. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांतल्या मजुरांनीही सेझर चावेझ यांच्या युनियनमार्फत १९७० च्या करारांमध्ये डीडीटी फवारायचं नाही असं कलम मालकांकडून लिहून घेतलं. अमेरिकी सरकारची सर्वसाधारण बंदी आली १९७२ मध्ये, दोन वर्षांनी. मळ्यात वाकून काम करणाऱ्याला सरकारच्या आधी कळतं, कारण फवारा त्याच्या अंगावर पडतो.

भोपाळचं तर तुम्हाला माहीतच आहे. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीआधी तीन वर्षं, १९८१ च्या डिसेंबरात, युनियन कार्बाइडच्या त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार गेला होता. युनियनने निदर्शनं केली, शहरात पत्रकं लावली, की इथल्या विषारी वायूमुळे कामगार आणि नागरिक दोघांचाही जीव धोक्यात आहे. पुढे खर्च कमी करायला मिथाइल आयसोसायनेटच्या, म्हणजे त्या रात्री गळलेल्या वायूच्या, प्लांटवरची पाळीतली माणसं निम्म्यावर आणली गेली. त्या पत्रकांची दखल शहराने घेतली असती आणि युनियनही एकटी पडली नसती, तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून तुमच्या मुलीच्या गटाला आणि तुमच्या युनियनला मी दोन पक्ष मानायलाच तयार नाही.

आता मॅनेजमेंटने तुमच्यापुढे ठेवलेला प्रश्न. ‘यंत्रणा बसवायची तर प्लांट बंद.’ हा प्रश्न ज्याने मांडला, त्याने तिसरं उत्तर आधीच खोडून टाकलंय. नफ्यातून यंत्रणा बसवा, हे ते उत्तर. तुम्ही खजिनदार आहात, आकडे तुम्हाला कळतात. यंत्रणेचा खर्च किती, किती वर्षांत फेडायचा, गेल्या पाच वर्षांचे ताळेबंद काय सांगतात, हे विचारलंत का? विचारा, लेखी. परवडत नाही हे खरंही असू शकतं. पण ते कागदावर दिसू दे. तोंडी ‘परवडत नाही’ म्हटल्यावर तुम्ही पगारवाढ सोडून देता का?

इटलीत टारांटो नावाचं बंदर आहे. तिथे इल्वा हा युरोपातल्या सगळ्यात मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एक. भिंतीला लागून तांबुरी ही वस्ती. लोहखनिजाची लालसर धूळ तिथल्या गॅलऱ्यांवर बसते, कबरींच्या दगडांवर बसते. जुलै २०१२ मध्ये न्यायाधीशांनी कारखान्याचा भट्ट्यांचा भाग जप्त करण्याचा हुकूम दिला आणि शहर उभं फुटलं. हजारो कामगार एका बाजूला, आजारी पोरांचे आईबाप दुसऱ्या बाजूला, आणि पुष्कळदा ही दोन्ही माणसं एकच. ऑगस्टमध्ये मोठ्या युनियननी चौकात सभा लावली. भाषणं चालू असताना एक तीनचाकी टेम्पो गर्दीतून थेट व्यासपीठाकडे आला. बरोबर माणसं होती, त्यात त्याच कारखान्याचे कामगार होते. आरोग्य की रोजगार, यातलं एक निवडा असं आम्हाला सांगूच नका, हे त्यांचं म्हणणं. पुढे त्यांच्या गटाचं नाव पडलं ‘मुक्त आणि विचारी नागरिक व कामगार’. २०१९ मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला, तरी त्या शहराचा गुंता आजही पुरता सुटलेला नाही. माझं मत विचाराल तर, न्यायालयाचा हुकूम येईपर्यंत युनियननी धुळीबद्दल बोलायचं टाळलं, तिथेच त्यांची पकड सुटली. हुकूम आल्यावर त्यांच्या हातात फक्त मालकाचा फलक उरला. तुमच्याकडे अजून एक महिना आहे.

तरीही तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नोकऱ्या जातात. पर्यावरणाच्या नावाने जातात आणि ज्यांच्या जातात त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही, असं झालेलं आहे. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले १६८ धोकादायक कारखाने शहरात बंद करून बाहेर हलवायचा आदेश दिला. कामगारांच्या भरपाईची तरतूद त्या आदेशात होती. पण ती मिळवायला मस्टरवर नाव लागतं, हजेरीचा पुरावा लागतो. कित्येक कामगारांकडे तो नव्हता. हवा सुधारावी म्हणून ज्यांचं काम गेलं, त्यांच्याच हातात काही पडलं नाही. तुमच्याकडे टाक्या धुणारे आणि गाळ उपसणारे कंत्राटी कामगार आहेत ना? प्लांट एक महिना जरी दुरुस्तीला बंद राहिला तरी पहिली गदा त्यांच्यावर येईल. चारशे घरं मोजताना ती घरं धरली आहेत का, हे बघा. नसतील तर आकडा बदला.

बंद करण्याच्याही रीती असतात. ३० सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनमध्ये एकाच दिवशी दोन गोष्टी संपल्या. रॅटक्लिफ-ऑन-सोर हे तिथलं शेवटचं कोळशावरचं वीज केंद्र बंद झालं, आणि वेल्समधल्या पोर्ट टॅलबटला टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी विझली. रॅटक्लिफच्या कामगारांना तारीख बरीच आधी माहीत होती. युनियनशी बोलणी करून नवं काम शिकण्याची सोय केंद्रातच केलेली होती. पोर्ट टॅलबटला विजेची भट्टी यायला पुढे काही वर्षं होती. तोवर एक जुनी भट्टी चालू ठेवा, अशी योजना युनियननी हिशेबासकट मांडली, ती कंपनीने नाकारली, आणि सुमारे २,००० नोकऱ्यांवर पाणी पडलं. धूर दोन्हीकडे थांबला. माणसांचं काय झालं ते मात्र आधी किती वेळ मिळाला आणि लेखी काय होतं, यावर ठरलं. जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणी बंद करायचं २००७ मध्ये ठरवलं आणि शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये मिटवली. अकरा वर्षं घेतली, सक्तीने कोणाला घरी न बसवता. त्यांनी ते कोळशाचं अनुदान संपवण्यासाठी केलं होतं, पण माणसं सांभाळून खाण मिटवता येते हे त्यातून दिसलं.

टोनी मॅझोकी हे नाव तुमच्या सभेत सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणुउद्योग कामगारांच्या युनियनचे नेते. १९७३ मध्ये त्यांच्या युनियनने शेल कंपनीत संप केला. मुख्य मागणी होती कामाच्या जागेच्या सुरक्षेत कामगारांना अधिकार हवा, ही. आणि त्या संपाला पर्यावरण संघटनांनी उघड पाठिंबा दिला. मॅझोकी पुढे म्हणत राहिले, की विषारी जमीन साफ करायला देशाने निधी उभा केला, मग विषारी उद्योग बंद झाल्यावर त्यातल्या कामगारासाठी निधी का नको? त्याला काही वर्षं पगार द्या, शिकू द्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना असंच शिक्षण दिलं होतं आणि मॅझोकी स्वतः त्या सैनिकांपैकी होते. आज ज्याला ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात, म्हणजे कामगारांना वाऱ्यावर न सोडता उद्योग बदलणं, आणि २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या प्रस्तावनेत ज्याचा उल्लेख आहे, त्या विचाराचं मूळ रसायन कारखान्यांतल्या कामगारांच्या मागणीत आहे. तुमच्याच धंद्यातली माणसं होती ती.

तर दादा, त्या बसमध्ये बसू नका. सुनावणीला मात्र जा, आणि नुसते जाऊ नका, युनियनचं स्वतःचं निवेदन घेऊन जा. त्याआधी सर्वसाधारण सभा बोलवा, गेट मीटिंग पुरणार नाही. सभेत सगळं मोकळेपणी बोलू द्या. रागावतील, तुमच्या मुलीचं नाव काढतील, ते ऐकून घ्या. मग ठराव करा. सांडपाण्याची यंत्रणा बसलीच पाहिजे. ती बसेपर्यंत काम थांबलं तर पूर्ण पगार, कंत्राटी कामगारांसकट. यंत्रणा चालवायला आतलीच माणसं शिकवून घ्यावीत. आणि या कारणाने एकही माणूस कमी करणार नाही, हे कंपनीने सही करून द्यावं. वस्तीच्या लोकांनी ही मागणी त्यांच्या तक्रारीत जोडली तर सुनावणी घेणाऱ्यांना ती बाजूला सारणं अवघड जाईल.

रात्रपाळीत सांडपाणी शुद्ध न करता थेट बाहेर सोडणारा बायपासचा व्हॉल्व्ह उघडला जातो का, ईटीपीच्या, म्हणजे आत्ताच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, लॉगबुकात लिहिलेलं आणि खरं चालतं ते एकच आहे का, हे तुम्हा लोकांना माहीत असणार. ती माहिती वस्तीकडे कधीच येणार नाही. पण ती एकट्याने जाऊन सांगू नका आणि एखाद्या कंत्राटी पोराला पुढे करू नका, त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतील. जे सांगायचं ते ठरावाने, युनियनच्या लेटरहेडवर, वकिलाला दाखवून.

आता मुलीबद्दल. तिचं ते वाक्य तुम्हाला लागलंय, पत्राच्या अक्षरातही ते दिसतं. पण ती तुम्हाला बसमध्ये बघू शकत नाही, याचा अर्थ तिच्या लेखी तुम्ही त्या बसपेक्षा मोठे आहात. तिची तक्रार तुम्ही वाचली आहे का? माझा अंदाज आहे, नाही. मागून घ्या आणि एक गोष्ट बघा: त्यात ‘सांडपाणी बंद करा’ आहे की ‘कारखाना बंद करा’? पहिलं असेल तर तुमचं भांडणच नाही. दुसरं असेल तर तिला समोर बसवून विचारा, की बंद झाल्यावर चारशे माणसांनी काय करावं असं तुमच्या गटाने ठरवलंय. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पर्यावरणवाल्यांचंही चुकतं. अमेरिकेत रेडवुडची झाडं वाचवायला काहींनी खोडांत खिळे ठोकायला सुरुवात केली होती. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लाकूडगिरणीत पट्टा-करवत खोडातल्या खिळ्यावर आदळून तुटली आणि ती चालवणाऱ्या तरुण कामगाराचा जबडा फाटला. तो खिळा कोणी ठोकला हे सिद्ध झालं नाही. तो कापणारा होता, मालक नव्हता. ज्युडी बारी ही सुतारकाम केलेली कार्यकर्ती याच चळवळीतली. तिने १९९० मध्ये आपल्या साथीदारांना खिळे ठोकणं जाहीरपणे सोडायला लावलं आणि गिरणी कामगारांशी बोलणं सुरू केलं. तिचं म्हणणं, ज्या कंपन्या जंगल संपवतायत त्याच कामगारालाही संपवतायत. मुलीला ज्युडी बारीबद्दल सांगा.

आणि सिडनीबद्दलही. १९७१ मध्ये तिथल्या केलीज बुश या नदीकाठच्या रानावर घरं बांधायचं ठरलं. शेजारच्या तेरा बायका सगळीकडे अर्ज करून थकल्या आणि शेवटी बांधकाम मजुरांच्या युनियनकडे गेल्या. युनियन म्हणाली, आधी सभा घ्या, लोकांना खरंच हवंय का ते आम्हाला दिसू दे. सभा भरली, लोकांनी मागणी केली, आणि मजुरांनी त्या जागेवर काम करायला नकार दिला. कंपनीने दुसरी माणसं आणायची भाषा केली, तेव्हा तिच्याच एका अर्धवट इमारतीवरच्या मजुरांनी सांगितलं, की तिथलं एक झाड जरी पडलं तरी ही इमारत कायमची अशीच राहील. ते रान आज सार्वजनिक आहे. पुढच्या काही वर्षांत जॅक मंडी यांच्या त्या युनियनने चाळीसहून जास्त ठिकाणी अशी बंदी घातली. ती युनियन नंतर मोडली गेली, हेही खरं. पण तेरा बायका मजुरांच्या दारात आल्या नसत्या तर त्यातलं काहीच झालं नसतं. तुमच्या मुलीच्या गटाने युनियनच्या सभेत येऊन अर्धा तास बोलावं, तुम्ही त्यांना रीतसर पत्र पाठवून बोलवा. खजिनदाराची सही त्या पत्राला चालते.

निवेदनाचा पहिला मसुदा तुम्हीच लिहा, जसं सुचेल तसं. बनियनचं त्यात लिहा, बालदीचं लिहा. लिहून झालं की मुलीच्या टेबलावर ठेवा, वर एक चिठ्ठी: ‘शुद्धलेखन तपासून दे.’ आणि सुनावणीत काय झालं ते मला नक्की कळवा.

तुमची,
ताई